दूरचे राज्य

इतिहासाच्या परीक्षेत एक प्रश्न वारंवार येत असतो, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो कधी ना कधी सोडविलाही असेल: "अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड का केले?" या प्रश्नाची उत्तरे आम्ही कित्येक वर्षे तपाशीत आलो आहो. बहुतेक मुले लिहितात, "इंग्लंडने जबर कर बसविले, ते लोकांस सोसवेनात, म्हणून त्यांनी बंड केले." या उत्तरास आम्ही अर्धे गुण देतो. मुले रुसतात. एकदोन पालकांनीही आम्हांस येऊन विचारले की, पुस्तकात कराचीच हकीकत दिली असता गुण का कापिले? त्यांस तोंडी जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहावे असे मनात आले. कारण हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही, आणि केवळ अमेरिकेपुरताही नाही. आपल्या मुळशी तालुक्याने तो एकदा सोडवून पाहिला आहे, आणि त्याची किंमतही दिली आहे.

प्रथम अमेरिकेचीच गोष्ट पाहू. तेथील तेरा वसाहतींतील लोक बहुतांशी इंग्रज वंशाचेच होते. भाषा एक, कायदा एक, राजा एक. फ्रेंचांशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपले तेव्हा इंग्लंडच्या डोक्यावर मोठे कर्ज झाले होते, आणि ते युद्ध काही अंशी या वसाहतींच्या रक्षणासाठीच झाले होते. तेव्हा त्यांनीही खर्चाचा थोडा वाटा उचलावा, हे मागणे ऐकावयास तरी गैरवाजवी नव्हते. खुद्द इंग्लंडातील प्रजा त्यांच्यापेक्षा पुष्कळच अधिक कर भरीत होती. असे असता १७६५ साली स्टॅम्पाचा कायदा झाला आणि सर्व वसाहतींत एकच हलकल्लोळ उडाला. पुढल्याच वर्षी पार्लमेंटाने तो कायदा रद्द केला. परंतु तो रद्द करितानाच पार्लमेंटाने दुसरा एक कायदा केला, व त्यात असे जाहीर केले की, वसाहतींस कोणत्याही बाबतीत बांधून टाकणारे कायदे करण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे. म्हणजे कर गेला. पण न विचारता कर बसविण्याचा हक्क मात्र जपून ठेविला.

आता चहाची गोष्ट घ्या. ती तर 'जबर करा'च्या उत्तरास सरळसरळ खोटे पाडते. १७७३ साली पार्लमेंटाने ईस्ट इंडिया कंपनीस आपला चहा परस्पर अमेरिकेत नेऊन विकण्याची सवड दिली. त्यामुळे चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. चोरून आणिलेल्या चहापेक्षाही स्वस्त पडू लागला. त्यावर पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तेवढा कायम होता. जर माणसे केवळ पैशाच्या त्रासाने बंड करीत असती, तर बॉस्टनच्या लोकांनी तो स्वस्त चहा आनंदाने घरी नेला असता. त्यांनी काय केले ते सर्वांस ठाऊकच आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री त्यांनी त्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या. स्वस्त वस्तू फेकून देणारा मनुष्य पैशासाठी भांडत नसतो. तो चहा घेणे म्हणजे, ज्या सभेत आमचा एकही प्रतिनिधी नाही त्या सभेस आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार आहे, असे कबूल करणे होते. ते त्यांस कबूल करावयाचे नव्हते.

त्यानंतरही दोन वर्षे अर्जविनंत्या चालल्याच होत्या. जुलै १७७५ मध्ये, म्हणजे लढाईस तोंड लागल्यावरसुद्धा, वसाहतींच्या प्रतिनिधींनी राजाकडे शेवटचा विनंतिअर्ज पाठविला. राजाने तो स्वीकारलाच नाही. आम्हांस असे वाटते की, अमेरिका इंग्लंडच्या हातून गेली ती ४ जुलै १७७६ रोजी नव्हे. ज्या दिवशी तो अर्ज न वाचताच बाजूस सारण्यात आला त्याच दिवशी ती गेली. १७८३ च्या तहाने या गोष्टीवर केवळ शिक्कामोर्तब झाले.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा अंतराचा दोष आहे. मध्ये एवढा अफाट महासागर. अर्ज जावयास आठवडे, उत्तर यावयास आठवडे. मग गैरसमज व्हावयाचेच. परंतु त्याच महासागराच्या त्याच काठावर कॅनडा आहे. तेथेही १८३७ साली बंडे झाली. या वेळी मात्र इंग्लंडने लॉर्ड डरहॅम यास चौकशीसाठी धाडिले. १८३९ साली त्याचा अहवाल आला, आणि १८४८ पर्यंत तेथील मंत्रिमंडळ तेथील लोकांच्या प्रतिनिधींस जबाबदार झाले. समुद्र तोच होता, लंडनही तेच होते. पण कॅनडाने पुन्हा शस्त्र उचलून वेगळे होण्याचा मार्ग धरिला नाही. तेव्हा कोसांचे अंतर हे बंडाचे मूळ नव्हे. राज्यकर्त्याचा कान आणि प्रजेचे तोंड यांमध्ये जे अंतर असते तेच खरे अंतर होय.

आमच्या शाळेत पवित्र शास्त्राचा तास ऐकणाऱ्या मुलांस ही गोष्ट नवीन नाही. शलमोन राजा वारल्यावर त्याचा पुत्र रहबाम गादीवर बसण्यासाठी शखेमास गेला. तेव्हा इस्राएल लोक त्यास भेटले. त्यांनी राज्य मागितले नाही, की जुन्या जाचाबद्दल सूडही मागितला नाही. बापाने लादलेले जू थोडे हलके कर, मग आम्ही तुझी चाकरी करू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वृद्ध मंत्र्यांनी सल्ला दिला की, आज यांच्याशी गोड बोल म्हणजे हे जन्मभर तुझे राहतील. तरुण सोबत्यांनी निराळा सल्ला दिला, आणि रहबामाने त्यांचेच ऐकून लोकांस कठोर उत्तर दिले. त्याच दिवशी दहा वंश त्याच्यापासून फुटले. या कथेत आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही वाटते की, जू शलमोनाने घातले होते व ते लोकांनी अनेक वर्षे वाहिलेही होते. भार असतानाही ते बंड करून उठले नाहीत. भार सांगावयास गेले आणि हिडीसफिडीस झाली, तेव्हा ते उठले.

एके दिवशी वर्गात येथवर विवेचन झाल्यावर आम्ही मुलांस विचारले की, असे उदाहरण आपल्याकडचे कोणास आठवते काय? पुष्कळांनी १८५७ सांगितले, कोणी मिठाचा सत्याग्रह सांगितला. रिहे येथून येणारा एक मुलगा मात्र काहीसा संकोचाने उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या पणजीचे माहेर मुळशीच्या धरणात आहे." वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. आम्ही त्यास घरी जाऊन आजीस अधिक विचारून येण्यास सांगितले. दुसरे दिवशी त्याने आणलेले उत्तर आम्ही अद्याप विसरलो नाही. पणजीच्या वडिलांस जमिनीचे किती पैसे मिळाले, किंवा मिळाले की नाही, हे घरात आता कोणासच आठवत नाही. पण "आम्हांला कोणी विचारलं नाही" हे वाक्य मात्र पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून नातवाकडे जसेच्या तसे आले आहे. पैशाचा आकडा चार पिढ्या टिकला नाही. न विचारल्याची बोच टिकली.

रिहे गाव धरणात गेले नाही. परंतु मुळशीतील सोयरीकसंबंध खोऱ्याखोऱ्यांतून गुंतलेले असतात. तेव्हा एका खोऱ्यात पाणी चढले की शेजारच्या खोऱ्यातील माहेरवाशिणींचे डोळे भरतात. म्हणून ती हकीकत आमच्या मुलांस नीट ठाऊक असावी.

टाटांच्या वीज कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून, ते पश्चिमेच्या कड्याखाली कोकणात सोडून, त्यावर वीज उत्पन्न करण्याचा मोठा उद्योग आरंभिला होता. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस मिळू लागली. त्याच मालिकेत १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, आणि नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले. त्या पाण्याखाली पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनी जावयाच्या होत्या व सुमारे अकरा हजार माणसांचा प्रश्न होता. हा मावळ्यांचा मुलूख. आंबेमोहर भाताची खाचरे, पिढ्यान् पिढ्या बांध घालून तयार केलेली. ज्यांची ही खाचरे होती त्यांस योजनेची पहिली वर्दी कशी मिळाली? कंपनीची माणसे शेतात येऊन चाचणीचे खड्डे खणू लागली तेव्हा. सरकारची परवानगी घेतली होती. शेताच्या धन्याची घ्यावी असे कोणास वाटले नव्हते.

त्या काळी जमीन घेण्याचा कायदा होता तो १८९४ चा. सरकारने एकदा सार्वजनिक कामासाठी जमीन हवी असे ठरविले, की मालकाने मोबदला किती, मोजणी बरोबर की चूक, एवढ्यापुरतेच बोलावयाचे. 'मला जमीन द्यावयाचीच नाही' या त्याच्या म्हणण्यास कायद्यात जागाच नव्हती. हरकती ऐकून घेण्याचे कलम त्यात १९२३ साली घालण्यात आले. येथे आम्हांस नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण होते. अहाब राजा दुष्ट खरा. पण त्यानेही आधी नाबोथाकडे जाऊन, या मळ्याऐवजी याहून चांगला मळा देतो अथवा त्याचे मोल देतो, असे विचारले होते. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने तोंडावर सांगितले. पुढे जे झाले ते घोर पाप होते. तथापि 'नाही' म्हणण्याची संधी नाबोथास निदान एकदा मिळाली. मुळशीच्या शेतकऱ्यास कायद्याने तेवढीही ठेविली नव्हती.

म्हणून ते आपल्या शेतात जाऊन बसले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रही कामावर जाऊन बसले व काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी होते. ते पारनेरचे, विलायतेत शिकून आलेले विद्वान. 'सेनापती' ही पदवी त्यांस मुळशीनेच दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. 'जान किंवा जमीन' अशी त्यांची घोषणा होती. त्याच एप्रिल महिन्यात गांधींनी आपल्या पत्रातून टाटांच्या घराण्यास विनविले की, आपल्या कायदेशीर हक्कावर बोट न ठेविता त्यांनी लोकांशीच बोलावे. काही काळ काम थांबले. पण बोलणे झाले नाही. डिसेंबर १९२१ मध्ये लढ्याची दुसरी फेरी सुरू झाली. पुरुष तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. पुढे लढा दमत गेला. १९२४ साली बापटांनी रेल्वेच्या रुळांवर धोंडे रचून गाडी अडविली आणि त्यांस सात वर्षांचा तुरुंगवास झाला. त्यात निरपराधांच्या जिवास धोका होता. त्या मार्गाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु शांतपणे बसलेल्या बाराशे माणसांचे कोणी ऐकिले असते, तर रुळांपर्यंत गोष्ट गेलीच नसती, हेही लपवीत नाही. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या त्या विजेवर चालल्या, आणि मुळशीची खाचरे पाण्याखाली राहिली.

आता या गोष्टीत 'दूरचे राज्य' कोणते, हे पाहिले पाहिजे. लंडन तर दूर होतेच. पण मुळशीच्या शेतकऱ्यापुढे लंडनचा मनुष्य क्वचितच येई. कंपनी हिंदी होती. टाटांचे नाव स्वदेशीच्या अभिमानाने घेतले जात होते, आणि त्यांच्या दातृत्वाबद्दल व कर्तृत्वाबद्दल या देशाने कृतज्ञ असावे हे योग्यच आहे. वीज मुंबईस हवी होती. तीत राबणारे गिरणीकामगारही आपलेच, पुष्कळसे याच घाटमाथ्यावरचे व कोकणातले. पुण्यातही सगळे एका बाजूस नव्हते. मुळशीतील पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावे किंवा त्यांकडे गहाण होत्या. मोबदल्याचा आकडा बरा दिसताच त्यांपैकी अनेकांनी धरणाचा विरोध सोडिला, आणि पैशाचा मोठा वाटाही त्यांच्याचकडे गेला. म्हणजे मुळशीच्या मावळ्यास लंडन दूर होते, मुंबई दूर होती, आणि एका दिवसाच्या चालीवर असलेले पुणेही तितकेच दूर निघाले.

या ठिकाणी मानवी स्वभावाची एक खोड दिसून येते, आणि आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा तोच आहे. स्वतःस विचारले नाही म्हणून जो रागावतो, तो दुसऱ्यास विचारीलच असे नाही. 'आम्हांस न विचारता कर नको' म्हणणारे अमेरिकन आपल्या घरी गुलाम बाळगीत होते, आणि तेथील मूळच्या रहिवाशांच्या जमिनी त्यांस न विचारताच घेत होते. १९२१ साली सारा हिंदुस्थान, आमचा कारभार आम्हांस विचारून चालवा, असे सरकारास बजावीत होता. तेव्हाच सह्याद्रीतील पन्नास गावांस मात्र विचारावे असे फार थोड्यांस वाटले. साम्राज्य ही केवळ परक्यांची करामत नव्हे. ज्या क्षणी एक मनुष्य दुसऱ्याच्या हिताचा निर्णय त्याच्यामागे करून टाकितो, त्या क्षणी लहानसे साम्राज्य उत्पन्न होते.

याच्या उलट, सत्तेने कान दिला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांतून पसरले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो कर्जखतांच्या कागदांवर होता, कारण त्या कागदापुढे कोर्टात शेतकऱ्याचे तोंडच चालत नसे. सरकारने बंदोबस्त केला, शिक्षाही केल्या; पण त्याबरोबर चौकशीसाठी कमिशनही नेमिले. त्यातून १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि कोर्टास खतामागील खरा व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार मिळाला. त्या कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला नाही. पण त्याचे म्हणणे कोर्टाच्या दप्तरात लिहिले जाऊ लागले. एका परक्या सरकारास जे १८७५ नंतर काही अंशी साधले, ते १९२१ साली परक्यांस साधले नाही आणि स्वकीयांसही साधले नाही.

येथे आमच्या ख्रिस्ती वाचकांपैकी कोणी शंका घेतील की, पौलाने रोमकरांस पाठविलेल्या पत्रात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याची आज्ञा असता, बंडखोरांची अशी कड घेणे बरे दिसते काय? आम्ही त्यांस त्याच पौलाचे फिलिप्पै येथील वर्तन आठवण्यास सांगतो. त्यास व सीलास यांस चौकशी न करिता उघड फटके मारून तुरुंगात टाकिले, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांस गुपचूप सोडून देण्याचा हुकूम धाडिला. पौल गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरिला, आणि त्यांस यावे लागले. तुरुंगातून सुटका हवीच होती. पण विचारपूस न करिता दिलेली शिक्षा जशी त्याने निमूट मान्य केली नाही, तशीच विचारपूस न करिता दिलेली मोकळीकही घेतली नाही. अधीनता आणि मुकेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली देवाने सांगितली आहे. दुसरी माणसांनी लादलेली आहे.

दुसरी शंका व्यवहारी लोकांची. ते म्हणतात, प्रत्येकास विचारीत बसले तर या देशात धरण होणार नाही, रस्ता होणार नाही, कारखाना होणार नाही. ही शंका पोकळ नाही. धरणे हवीत, वीज हवी. आम्ही हा लेख लिहितो तोही विजेच्याच दिव्याखाली. परंतु विचारणे म्हणजे काम थांबविणे नव्हे. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ साली भूमिसंपादनाचा नवा कायदा झाला, व तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असेल तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८०, आणि सरकार व खाजगी संस्था यांच्या भागीदारीतील कामासाठी शेकडा ७० कुटुंबांची आधी संमती घ्यावी, आणि त्या कामाचा लोकांच्या जीवनावर काय परिणाम होईल याची पाहणी करावी, असे त्यात सांगितले आहे. हा कायदा सर्वच कामांस लागू होत नाही, आणि कागदावरील कलम व शेताच्या बांधावरील अनुभव यांत अंतर राहते, हे आम्ही जाणतो. तथापि रामनवमीच्या त्या बाराशे माणसांनी जी गोष्ट मागितली होती ती देशाच्या कायद्यात उतरण्यास नव्वद वर्षांहून अधिक काळ लागला, आणि अखेर ती उतरली, हे लहानसहान काम नव्हे. हरलेला सत्याग्रह निष्फळ गेला असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमच्याच घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या बॉस्टन शहराने चहा समुद्रात ओतिला, त्याच शहरात अमेरिकन बोर्डाचे ठाणे होते. त्या बोर्डाच्या मिशनऱ्यांनी १८१३ पासून मुंबईत व पुढे नगरकडे जी सेवा केली, शाळा व दवाखाने काढिले, त्यांचे ऋण महाराष्ट्रातील आम्हा ख्रिस्ती लोकांवर आहे. परंतु मंडळ्यांचा कारभार पुष्कळ काळ मिशनच्याच हाती होता, आणि त्याच्या नाड्या साता समुद्रांपलीकडे होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून अनेक वर्षे याच मिशनमध्ये निष्ठेने सेवा केली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडिली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. येथील माणसाने येथील रीतीने ख्रिस्ताची भक्ती करावी, असा त्यांचा ध्यास होता. त्यांनी कोणाशी वैर धरिले नाही. त्यांचे ते करणे बंड होते काय? होते, असे आम्ही म्हणू. पण ते प्रीतीने केलेले बंड होते. आणि मिशनांचीही येथे स्तुती केली पाहिजे की, पुढे त्यांनी हळूहळू कारभार येथील मंडळ्यांच्या हाती सोपविला. १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहून तीत एकत्र आल्या. ज्याने वेळेवर हात सैल केला, त्याचा हात झिडकारण्याची पाळी कोणावर आली नाही. म्हणून मिशनरी गेल्यावरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आता थोडे आमच्या पालकबंधुभगिनींस. आपल्या घरातही राज्य असते. मुलाने कोणता विषय घ्यावा, मुलीने किती शिकावे, तिचे लग्न कोठे व केव्हा करावे, हे निर्णय पुष्कळ घरांत मुलांच्या हितासाठीच, पण त्यांच्या मागे केले जातात. ते निर्णय कित्येकदा बरोबरही असतात. बॉस्टनचा चहाही स्वस्त होता. आम्ही शिक्षकही या दोषातून मुक्त नाही. वर्गाच्या चार भिंतींत आम्हीही कधी कधी रहबामाच्या तरुण सोबत्यांसारखे बोलून जातो. मुलगा उर्मट झाला अशी तक्रार करण्यापूर्वी, त्याने साध्या शब्दांत काही सांगितले होते ते आपण ऐकिले होते काय, एवढे आपण सर्वांनी आपल्या मनास विचारावे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे. रिहे असो, घोटवडे असो, पौड असो, तुमच्या गावास आज ग्रामसभा आहे. ती तुमच्या पणजीच्या वडिलांस नव्हती. अठरा वर्षांचे झालात की तेथे जाऊन बसा. बोलण्याची पाळी आली की स्पष्ट बोला, आणि दुसऱ्याची पाळी आली की त्याचे शेवटपर्यंत ऐका, मग तो गावातील सर्वांत गरीब घरचा का असेना. उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनियर होईल, कोणी मामलेदार, कोणी कारखानदार. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या रेघेखाली कोणाचे घर येते ते पाहा, आणि त्या घराच्या दाराशी जाऊन आधी विचारा. येत्या परीक्षेत तो प्रश्न पुन्हा आला तर करांची यादी अवश्य लिहा, ती खोटी नाही. पण तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा की, त्यांस कोणी विचारले नाही. मग पूर्ण गुण द्यावयास आम्हांस आनंदच वाटेल.